याळिनीला खांद्यावर घेतलं तेव्हा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बारा महिने बोटं वाळत असतात. म्हणजे बोटांची टोपणं. जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंध्या खळीत बुडवून साच्यावर गुंडाळायच्या, वाळल्या की वरून पुन्हा गुंडाळायच्या. आठवड्याभरात ती दगडासारखी टणक होतात. ती उजव्या हाताच्या बोटांत चढवून माझे सासरे तवील, म्हणजे आमच्याकडचा ढोल, वाजवतात. डाव्या हातात पारसपिंपळाची आखूड काठी असते. खळ अत्तै शिजवतात, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि तिला मुंग्या लागू द्यायच्या नाहीत हे काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचा वैताग यायचा. माझ्या माहेरी, सेलमला, वाद्य म्हणून काय ती कुकरची शिट्टी.

सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो. अंबलवाणन मामा. कुंभकोणमपासून मायावरमपर्यंत ज्यांच्या घरी गेल्या तीस वर्षांत लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्यांच्या लग्नात तरी तवीलवर मामा होते आणि त्यांच्या शेजारी सनईसारख्या नादस्वरावर तिरुवेंगडम पेरियप्पा. पेरियप्पा आमच्या नात्यातले नव्हेत. मामांपेक्षा वर्षानं मोठे, पलीकडच्या गल्लीत राहतात, म्हणून मी त्यांना मोठे काका म्हणून हाक मारते इतकंच.

मामांबद्दल लिहायचं तर मला आधी झोपेबद्दल लिहावं लागेल. याळिनी झाली तेव्हा माझा नवरा अरसू तिरुप्पूरला कामावर, पंधरा दिवसांनी एकदा येणारा. अत्तैंचे गुडघे धरलेले. आणि ही पोर दिवेलागण झाली की जे रडायला सुरुवात करायची, ते थांबायचं नाव नाही. तिसऱ्या आठवड्यात मीही तिच्याबरोबर रडायला लागले. मामा त्या दिवशी कुठल्याशा देवळातून वाजवून आले होते. त्यांनी हातपाय धुतले, ओट्यावर मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. आणि तू जाऊन झोप."

"मामा, तुम्ही दमून आलात."

"मी वाजवून दमलोय. तू न झोपता दमलीयस. दोन्ही एक नव्हे."

त्यांनी तिला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर दोन बोटांनी त-दि-गि-ण-तोम सुरू केलं. त्याच बोटांनी ते तवीलचं कातडं फोडून काढतात. लेकीच्या पाठीवर मात्र ती चाळणीतून पीठ पडावं तशी पडत होती. मी दाराशी उभी राहून पाहिलं, मग आत जाऊन पडले, आणि उठले तेव्हा उजाडलं होतं. त्यानंतर चार महिने रोज असंच चाललं. त्या झोपेनं मला माणसात आणलं. ती झोप कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळाली नसती.

म्हणून पुढे जे झालं त्यात मी मागेपुढे पाहिलं नाही.

याळिनी सातव्या महिन्यात असताना एक दिवस दुपारी मी मागच्या अंगणात कपडे धूत होते. ती माजघरात साडीच्या झोळीत निजलेली आणि मामा तिथेच, दोन हातांवर, तवीलचे पट्टे आवळत बसलेले. तिचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं, मामा आहेत, घेतील. रडणं वाढलं, तिचा आवाज फाटला, तरी थांबेना. मी साबणाच्या हातानं पळत आत गेले. पोरगी जांभळी झाली होती आणि मामा झोळीकडे पाठ करून शांतपणे पट्टा ओढत होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. वळून त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"किती वेळ रडतेय?"

"आत्ताच उठलीय," मी खोटं सांगितलं.

संध्याकाळी अत्तै देवळात गेल्यावर त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

"उजवा कान गेलाय. डाव्यात थोडं उरलंय. दीड वर्ष झालं असेल."

"अत्तैंना माहीत आहे?"

"तिला काय कळणार? मी ऐकत नाही अशी तिची तक्रार लग्नापासून आहे."

मला हसू आलं, मग लाज वाटली. "पण मग तुम्ही वाजवता कसे?"

"तवील ऐकावं लागत नाही, ते पोटातून येतं. आणि नादस्वर मला दिसतं. तिरुवेंगडमचे गाल, बोटं, गळ्याची ती शीर. एकतीस वर्षं बघतोय मी ती शीर. तो कुठे जाणार हे त्याच्या आधी मला कळतं." ते थांबले. "बोलणं दिसत नाही. समोर बघून बोललं तर थोडं कळतं. बाजूनं बोललं तर संपलं."

"मामा, कानात घालायचं यंत्र मिळतं आता."

"ते बाहेरून दिसतं."

"दिसलं तर काय होईल?"

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वर्षभरापासून पेरियप्पांचं वागणं बदललं होतं. पूर्वी दिवसाआड आमच्या ओट्यावर येऊन कॉफी पिणारा माणूस, आता फक्त कामापुरतं भेटत होता. गाडीत पुढे ड्रायव्हरजवळ बसत होता. आणि गावात बोललं जात होतं की सेम्पनारकोविलच्या धनकोटीला त्यांनी तई महिन्याच्या लग्नांसाठी विचारलंय. धनकोटी म्हणजे मिशा वळवलेला, चाळिशीचा, दणदणीत हाताचा तवीलवाला.

"त्याचा माझ्यावरून जीव उडालाय, का ते मला कळत नाही," मामा म्हणाले. "त्यात हे कळलं की त्याला निमित्तच मिळेल. आणि पूंकोडी, दुसऱ्या कोणाशेजारी बसून मला वाजवता येणार नाही. दुसऱ्याचे गाल मला वाचता येत नाहीत. तिरुवेंगडम गेला की माझं तवील खुंटीला."

त्यांना एकाच क्षणाची भीती वाटत होती. मंगळाष्टकांसारखं आमच्याकडे लांबत नाही. नवरा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायला हात पुढे करतो, पुरोहित बोट उंचावून 'केट्टीमेळम' अशी हाक देतात, आणि त्याच श्वासाला तवील-नादस्वर सगळा जोर लावून सुटायला हवं. कोणाची शिंक, कोणाचा वाकडा शब्द नवरा-नवरीच्या कानावर पडू नये म्हणून. एरवी तवील मागे-पुढे झालं तर चार जाणकार सोडून कोणाला कळत नाही. इथे अख्ख्या मांडवाला कळतं. मामा पुरोहितांच्या बोटावर नजर ठेवून निभावत होते, पण मागच्या लग्नात व्हिडिओवाला मध्ये उभा राहिला आणि त्यांना एक श्वास उशीर झाला होता.

"आवणी महिन्यात मायावरमला राईस मिलवाल्यांच्या मुलीचं लग्न आहे," ते म्हणाले. "तू ये. बायकांच्या पहिल्या रांगेत बस, माझ्या बरोब्बर समोर. याळिनीला मांडीवर घेऊन. हाक आली की तिला उचलून खांद्यावर घे. तेवढंच कर."

मी लगेच हो म्हटलं. इतकी सोपी परतफेड मला शोधूनही सापडली नसती.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मी पहिल्या रांगेत होते. लेकीला बदामी फ्रॉक, कपाळाला काजळाचा मोठा टिळा. समोर मंचाच्या कडेला पेरियप्पा डोळे मिटून हळुवार वाजवत होते आणि मामा हलक्या हातानं साथ करत होते. मामांची नजर पेरियप्पांच्या गालावरून माझ्या मांडीवर, मांडीवरून पुन्हा गालावर. मी मान हलवून त्यांना धीर दिला. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं मला.

नारळावर ठेवलेली ताली ताटातून मांडवभर फिरत होती, सगळ्यांनी हात लावून आशीर्वाद द्यावा म्हणून. नवरीची पणजी तिसऱ्या रांगेत होती. तिनं ताट मांडीवर धरूनच ठेवलं होतं आणि ती नारळाला काहीतरी सांगत होती. सगळ्यांच्या मुठीत अक्षता तयार. नवरा जांभई दाबत होता.

माझ्या शेजारी निळं रेशमी पट्टू नेसलेल्या एक अनोळखी मामी बसल्या होत्या. त्यांनी याळिनीकडे बघून विचारलं, "दात आले का ग हिला?"

"दोन आलेत, खालचे."

"मग बघतेय काय अशी आशेनं. केळं देऊ?"

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी केळ्याचा तुकडा तिच्या तोंडात घातलासुद्धा. पोरीनं एकदा चघळला, दुसऱ्यांदा गिळायला गेली आणि तिला ठसका लागला. डोळे मोठे, तोंड लाल, आवाज बंद. मी काही विचार केला नाही. तिला उचललं, खांद्यावर घेतलं आणि पाठीत थापटायला लागले.

दुसऱ्या थापेला केळं बाहेर आलं. आणि तवील सुटलं.

काय सुटलं. छताचे पंखे हादरले असतील. मी खांद्यावरची पोर घेऊन तशीच गोठले. पुरोहित हातात दूर्वा धरून मामांकडे बघत राहिले. तीनशे माणसांचे हात सवयीनं वर गेले आणि तीनशे मुठी अक्षता नवरा-नवरीवर पडल्या. नवऱ्यानं रिकाम्या हातांकडे पाहिलं. ताली पणजीच्या मांडीवर होती.

मामांना मात्र काही कळलं नव्हतं. ते मान खाली घालून, घाम गाळत, आयुष्यभराचं वाजवत होते. मग त्यांनी वर पाहिलं. पुरोहितांचा चेहरा पाहिला, माझा पाहिला. त्यांचा डावा हात काठीसकट वरच्या वर थबकणार होता, ते मला दिसलं.

तेवढ्यात पेरियप्पांनी नादस्वर उचललं. गाल फुगवले आणि केट्टीमेळमचे सूर इतके जोरात सोडले की मामांना पाहूनच कळलं, थांबायचं नाही. पेरियप्पा उभे राहिले. वाजवता वाजवता त्यांनी नादस्वराचं तोंड पणजीच्या दिशेनं झुलवलं, एकदा, दोनदा, म्हणजे आणा ते ताट. मग सगळ्यांना जाग आली. कोणीतरी पणजीच्या हातून ताट काढून घेतलं. ती म्हणत होती, "माझं झालं नाही अजून," पण ताट डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, मंचाकडे निघालं होतं. नारळ पडता पडता वाचला. ताट पोचायला, पुरोहितांनी मंत्र म्हणायला आणि नवऱ्यानं गाठ मारायला मिळून चार मिनिटं तरी लागली असतील. तेवढा वेळ त्या दोघांनी एक क्षण उसंत घेतली नाही. पेरियप्पांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. लोकांकडे अक्षता उरल्या नव्हत्या. बायकांनी वेणीतली फुलं तोडून फेकली. मीसुद्धा फेकली.

नवरी मात्र हसत होती. खाली मान घालून, खांदे हलेपर्यंत. तिच्या हसण्यानं मांडव सावरला. पुरोहित म्हणाले, मुहूर्त चुकलेला नाही, वाद्य थोडं लांबलं एवढंच. मिलवाल्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि सगळ्यांना जेवायला पाठवलं.

जेवणघरात मी याळिनीला घेऊन जवळच्याच पानावर बसले. मामा आणि पेरियप्पा समोरासमोर बसले होते. पेरियप्पांचं पान तसंच होतं. त्यांनी वडा मोडला, खाली ठेवला.

"अंबलवाणा," ते पानाकडे बघत म्हणाले, "आज तू माझं तोंड काळं केलंस."

मामा सांबार कालवत होते.

"बघ, उत्तर नाही. वर्षभर हेच. मी बोलायचं आणि यानं भिंतीसारखं बसायचं. तिरुक्कडैयूरला तुला तीन वेळा हाक मारली, तू वळून पाहिलं नाहीस, चारचौघांत. माझी बायको आजारी होती ते गाडीत तुला सांगितलं, तू खिडकीबाहेर बघत बसलास. एवढा माज? एकतीस वर्षांनी?"

आजूबाजूला पानं वाढणाऱ्यांचा गोंगाट होता. मामा शांतपणे जेवत होते. मी उठले, याळिनीला कडेवर घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"पेरियप्पा, चूक माझी आहे. मी हिला खांद्यावर घेतलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू पोरीला खांद्यावर घेतलंस म्हणून तो केट्टीमेळम वाजवतो? मग तिला दूध पाजलंस की शेवटचं मंगल वाजवेल का?"

मामांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग पेरियप्पांकडे. त्यांनी हात पानावरच झटकला आणि बसल्या जागी पाठ सरळ केली.

"अण्णा, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. धनकोटीला घे तू. माझं काही म्हणणं नाही."

माझ्या कडेवरची पोर मामांच्या पानातल्या जिलेबीकडे झेपावत होती. तिला आवरताना मी पेरियप्पांकडे बघायचं टाळत होते.

पेरियप्पांनी मान खाली घातली आणि पानाला विचारल्यासारखं विचारलं, "कधीपासून म्हणालास?"

मामा त्यांचं तोंड वर होण्याची वाट बघत राहिले.

पेरियप्पांनी मान वर केली. मामांच्या डोळ्यांत बघून तेच पुन्हा विचारलं.

"दीड वर्ष. मागच्याच्या मागच्या पंगुनीपासून."

"म्हणजे तिरुक्कडैयूरला..."

"काय झालं तिरुक्कडैयूरला?"

"आणि गाडीत? मीनाट्ची आजारी होती तेव्हा?"

"वहिनी आजारी होत्या?" मामांचा आवाज बदलला. "कधी? काय झालं त्यांना?"

पेरियप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. त्यांचे खांदे त्या नवरीसारखेच हलत होते. हात काढले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसत होते, आणि हसता हसता शिव्या देत होते. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

"मूर्खा. वर्षभर मी झोपलो नाही नीट. बायकोला रोज सांगायचो, अंबलवाणन बदलला, त्याला मी नकोसा झालो. म्हणून मी त्या मिशीवाल्याला विचारलं. तो आधी माईक विचारतो आणि मग राग विचारतो. त्याच्याबरोबर काय वाजवायचं मी? तुला ऐकू येत नाही हे आधी सांगितलं असतंस तर माझं वर्ष वाचलं असतं."

"तू मला काढून टाकशील असं वाटलं."

"कान नाहीत म्हणून? अरे, तुझ्या कानांशी माझं काय काम आहे? मी तुझ्या हातांच्या शेजारी बसतो." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू. सुनेला हेर करून पाठवलंय वाटतं यानं."

"होय पेरियप्पा."

"हेरगिरी तुला जमत नाही. पुढच्या लग्नात नुसती जेवायला ये."

त्यांनी मामांच्या पानातली जिलेबी उचलून याळिनीच्या हातात दिली. मामांना त्यांचं सगळं बोलणं कळलं नसावं, पण चेहरा कळला. ते जेवायला लागले. मध्येच एकदा डावा हात डोळ्यांना लावला. सांबार तिखट आहे, असं कोणी विचारलं नसताना म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात पेरियप्पा स्वतः मामांना घेऊन कुंभकोणमला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. यंत्र आलं. तवील वाजवताना ते काढून खिशात ठेवावं लागतं, एरवी चालतं. आता लग्नात पेरियप्पा मामांच्या डाव्या हाताला बसतात, जिथे थोडं ऐकू येतं. एकतीस वर्षांची जागा बदलली म्हणून कोणी विचारलं तर आपल्या गुडघ्याचं कारण सांगतात. पुरोहितांची हाक आली की आपल्या मांडीनं मामांची मांडी ढोसतात. माझं काम गेलं. धनकोटीला नकाराचा निरोप गेला आणि त्याचं कारण अत्तैंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणजे इतकी वर्षं हे खरंच ऐकत नव्हते की यांना ऐकू येत नव्हतं? 

यंत्र आलं त्या संध्याकाळी पेरियप्पा आमच्या ओट्यावर आले, वर्षानंतर पहिल्यांदा. मी कॉफी नेली. ते मामांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"यंत्र चालू आहे ना?"

"आहे."

"नीट ऐक मग. मागच्या वर्षी आडी महिन्यात स्वामीमलैला मी तुला काय म्हणालो ते सांगतो. तू ऐकलं नव्हतंस, म्हणून ते वाया गेलं. तुझा हात जड झालाय असं म्हणालो होतो मी."

"जड? तुझा श्वास तोकडा पडत होता त्या दिवशी. मी तुला झाकत होतो."

"हां. हेच उत्तर हवं होतं मला. वर्षभर थांबलो याच्यासाठी. आता पुढचं. तिरुक्कडैयूर."

वर्षाचं सगळं भांडण एकेक करून ओट्यावर यायला लागलं. मी आत आले. याळिनी झोळीत निजली होती आणि बाहेर दोन म्हातारे एकमेकांवर ओरडत होते तरी हलली नाही. मी कॉफीचं दूध पुन्हा चुलीवर चढवलं. अजून ते मागच्या वर्षीच्या कार्तिक महिन्यापर्यंतच आले होते.